‘फॉरमॅट मार’ म्हणण्याआधी

जुन्या लॅपटॉपला काहीही झालं की ओळखीतल्या निम्म्या लोकांकडे एकच औषध असतं: फॉरमॅट मार, विंडोज नव्यानं टाक. स्क्रीन लुकलुकतेय? फॉरमॅट. रंग बिघडलेत? फॉरमॅट. माझा २०१२ सालचा लॅपटॉप मध्येच गुलाबी पडायला लागला तेव्हाही हेच ऐकायला मिळालं. पण बिघाड स्क्रीनचा की ऑपरेटिंग सिस्टिमचा, हे कळेपर्यंत मी कशालाच हात लावत नाही. हट्ट म्हणा हवं तर.

हे कळायला बायोस, म्हणजे विंडोजच्याही आधी सुरू होणारा लॅपटॉपचा स्वतःचा छोटा प्रोग्रॅम, पुरतं. लॅपटॉप सुरू होतानाच एफ-टू दाबायचं (काही मॉडेल्समध्ये एफ-टेन किंवा डिलीट). जो साधासुधा मेनू येतो, तिथे विंडोज अजून सुरूच झालेलं नसतं, त्यामुळे त्याचे ड्रायव्हर (एकेक भाग चालवणारे छोटे प्रोग्रॅम) नाहीत आणि कुठलं अपडेटही नाही. तिथेही स्क्रीन नाचत असेल तर विंडोजला दोष देण्यात अर्थ नाही. माझी तिथेही गुलाबीच. मग बायोस तसंच उघडं ठेवून झाकण हळूहळू मागे नेलं. काटकोनात असताना रंग ठीक, जरा मागे ढकललं की आडव्या रेषा, आणखी मागे नेलं की काळोख. झाकणाच्या कोनाबरोबर बिघाड बदलतो म्हटल्यावर बिजागरीतून स्क्रीनकडे जाणाऱ्या केबलवरच संशय घ्यायचा.

खात्रीसाठी बाहेरचा मॉनिटर जोडला. त्यावर चित्र एकदम स्वच्छ. तिथेही त्याच रेषा दिसल्या असत्या तर चित्र तयार करणाऱ्या ग्राफिक्स चिपचं दुखणं, आणि मग केबल बदलून काही उपयोग नसतो. स्क्रीन पूर्ण काळी असेल तर अंधारात टॉर्च तिरका मारून बघा. पुसट का होईना, आयकॉन दिसले तर पॅनल जिवंत आहे, फक्त मागचा दिवा गेलाय. फार जुन्या लॅपटॉपमध्ये तिथे बारीक ट्यूब आणि ती चालवणारा इन्व्हर्टर असायचा, नंतर एलईडी आले.

मग केबल बघण्यासाठी चार्जर काढला, बॅटरी काढली आणि पॉवरचं बटण थोडा वेळ दाबून धरलं, म्हणजे आत उरलेला करंट निघून जातो. स्क्रीनच्या चौकटीवरची रबरी बुचं नखानं उचलली की खाली स्क्रू असतात. ते काढून चौकट आतल्या बाजूनं एकेक क्लिप सोडवत उचलायची. दर क्लिपला ‘टक्’ असा आवाज येतो आणि दर वेळी काळजाचा ठोका चुकतो. पॅनलच्या मागे पारदर्शक चिकटपट्टीखाली केबलचा कनेक्टर होता, तो घट्ट बसलेला. दोष बिजागरीपाशी निघाला. काळं वेष्टण दबून चपटं झालेलं आणि आतल्या केसासारख्या दोन तारा उघड्या पडलेल्या. नवी केबल घेताना लॅपटॉपच्या मॉडेलवर जाऊ नका, केबलला चिकटवलेल्या लेबलवरचा पार्ट नंबर जुळवा. एकाच मॉडेलमध्ये ३० पिनची आणि ४० पिनची अशा दोन्ही केबल्स असू शकतात.

नवी केबल बसली, रंग परत आले. आणि विंडोज सुरूच होईना! निळी स्क्रीन, त्यावर ‘इनॅक्सेसिबल बूट डिव्हाइस’. इथे कुणीही म्हणेल की उघडताना काहीतरी तुटलं, नाहीतर हार्ड डिस्क गेली, आता तरी फॉरमॅट मार. मी पुन्हा बायोसमध्ये गेले, तर तारीख १ जानेवारी २०१२.

त्या तारखेत सगळं उत्तर होतं. मदरबोर्डवर, म्हणजे आतल्या मुख्य सर्किटवर, सीआर २०३२ जातीचा बटणसेल असतो. वीज नसताना घड्याळ चालतं आणि बायोसची सेटिंग्ज टिकतात ती त्याच्या जोरावर. माझा सेल कधीचाच मेलेला असणार, पण मोठी बॅटरी सतत जोडलेली असल्यानं ते उघडकीला आलं नव्हतं. केबलसाठी ती बॅटरी काढली आणि बायोस मूळ सेटिंगवर गेलं. त्यात साटा मोड, म्हणजे डिस्कशी बोलायची पद्धत, नव्या एएचसीआयवरून जुन्या आयडीईवर गेला. विंडोज एएचसीआयवर टाकलेलं होतं, त्यामुळे सुरू होताना त्याला स्वतःचीच डिस्क सापडेना. मोड परत बदलला, तारीख लावली, विंडोज मुकाट उघडलं. सेलही बदलून टाकला. लॅपटॉपमध्ये तो बऱ्याचदा वायर आणि छोट्या प्लगसकट, प्लॅस्टिकच्या वेष्टणात येतो. नुसता गोल सेल आणून तिथे काही करता येत नाही.

(तारीख अशी मागे गेली की ब्राउझर जवळपास प्रत्येक साइट असुरक्षित ठरवतो, कारण त्या घड्याळाच्या हिशेबानं साइटचं प्रमाणपत्र अजून लागूच झालेलं नसतं. लोक मग वायफायला शिव्या घालतात.)

खरोखर विंडोजच्या बाजूचा म्हणावा असा त्रास एकच निघाला. एका अपडेटनंतर सगळं फुगल्यासारखं मोठं दिसायला लागलं. रिझोल्यूशन १०२४ × ७६८ वर अडकलेलं, पॅनल मात्र १३६६ × ७६८ चं. डिव्हाइस मॅनेजरमध्ये ग्राफिक्स चिपच्या नावाऐवजी ‘बेसिक डिस्प्ले अडॅप्टर’. चिपचा आधीचा ड्रायव्हर पुन्हा टाकला, प्रश्न मिटला. स्क्रीन नुसती गोठली असेल तर विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी या चार कळा एकत्र दाबून बघा. ड्रायव्हर नव्यानं सुरू होतो, उघडलेलं काम जात नाही.

आता विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) लागतं आणि माझ्याकडचा थर्ड जनरेशन आय-फाइव्ह प्रोसेसर त्याच्या यादीत बसत नाही. नियमाला वळसा घालून ते टाकता येतं, पण कामाच्या मशीनवर मला ते नको. म्हणून विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही फुकट ऑपरेटिंग सिस्टिम पेनड्राइव्हवरून चालवून पाहिली. लोगोनंतर स्क्रीन काळी! या वेळी बायोस स्वच्छ होतं, म्हणजे संशय थेट ड्रायव्हरवर. बूट मेनूत ई दाबून ‘लिनक्स’नं सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी नोमोडसेट (ग्राफिक्सचा खास ड्रायव्हर न वापरता साध्या चित्रावर चालव, अशी सूचना) जोडलं आणि एफ-टेन दाबलं. डेस्कटॉप आला. हा पर्याय आत शिरण्यापुरताच ठेवायचा; कायम राहू दिला तर ग्राफिक्स चिप पूर्ण ताकदीनं वापरली जात नाही.

मिंट अजून पेनड्राइव्हवरच आहे. हार्ड डिस्क स्वतःच्या तब्येतीची जी नोंद ठेवते, त्या स्मार्ट अहवालात ‘करंट पेंडिंग सेक्टर’चा आकडा शून्य नाही, म्हणजे काही जागा डिस्कला नीट वाचता येत नाहीयेत. अशा डिस्कवर नवी सिस्टिम टाकण्यात काही राम नाही. बॅकअप घेऊन झालाय, एसएसडी (फिरते भाग नसलेली नवी डिस्क) आली की मिंट तिच्यावर.