डोनेगलचा गालिचा, नोंद तिसरी: कोपऱ्यातल्या ८६४ गाठी

मंडळी, दीड महिना गायब होते, कारण आधी गालिचाच फ्रीझरमध्ये होता. थट्टा नाही. कोपरा कसरीने खाल्लाय हे मागच्या नोंदीत लिहिलंच होतं. सुई लावण्याआधी अळ्या-अंडी मरायला हवीत, म्हणून प्लॅस्टिकमध्ये घट्ट गुंडाळून दोन आठवडे शेजाऱ्यांच्या आडव्या फ्रीझरमध्ये ठेवला. त्यांनी मटणाची पाकिटं एका बाजूला सरकवून जागा करून दिली.

नवीन आलेल्यांसाठी थोडक्यात: लिलावात घेतलेला छोटा गालिचा, साधारण चार फूट बाय अडीच. विकणाऱ्याने 'डोनेगल' म्हणून दिला, म्हणजे आयर्लंडच्या डोनेगल परगण्यातल्या कारखान्यात हाताने विणलेला. हिरवी जमीन, त्यावर जाड देठांची फुलं. पाहणारे लगेच व्हॉयसी या इंग्रज नक्षीकाराचं नाव घेतात. त्याने या कारखान्यासाठी नक्षी काढल्या होत्या हे खरं, पण माझ्या कोपरा गमावलेल्या तुकड्याला ते नाव चिकटवायची माझी हिंमत नाही.

मध्ये एक शनिवार-रविवार काढून डब्लिनहून डोनेगलमधल्या किलिबेग्जला जाऊन आले. बंदरावर माशांचा वास, बोटींची गर्दी आणि जवळच तो जुना गालिच्यांचा कारखाना, आता वारसा केंद्र. अलेक्झांडर मॉर्टन हा स्कॉटलंडमधल्या डार्वेलचा कापड कारखानदार. त्याने १८९८ मध्ये इथे माग बसवले. पश्चिम किनाऱ्यावरच्या गरीब भागांसाठी सरकारने १८९१ मध्ये 'कंजेस्टेड डिस्ट्रिक्ट्स बोर्ड' काढलं होतं, त्याची मदत होती. जमीन खडकाळ, पोटाला पुरत नाही, तर हाताला काम द्या, असा हिशोब. कामाला बहुतेक आसपासच्या मुली. हा माल लंडनच्या लिबर्टी या दुकानात विकला जायचा.

केंद्रातला माग भिंतीसारखा लांबच लांब आहे. बाकावर ओळीने बायका बसायच्या, प्रत्येकीच्या वाट्याला एक पट्टा, समोर चौकटीच्या कागदावर नक्षी. एकीचा हात सैल आणि शेजारणीचा घट्ट असला की गालिचा तिथे वाकडा होणार. हे मला पुढच्याच आठवड्यात घरी बसून नीट कळलं.

आता कामाचं. गाठ तुर्की: लोकरीचा तुकडा दोन उभ्या धाग्यांवरून आडवा टाकायचा, दोन्ही टोकं बाहेरून मागे वळवून मधल्या फटीतून पुढे काढायची आणि खाली खेचायची. काश्मिरी गालिच्यात सहसा फारसी गाठ असते, तिथे पूर्ण वेढा एकाच धाग्याला. मी आधी तीच शिकले होते, त्यामुळे पहिल्या दिवशी बोटं आपोआप जुन्या वाटेने जात होती. माझ्या गालिच्यात इंचाला आडव्या चार आणि उभ्या चार गाठी, म्हणजे चौरस इंचाला १६. काश्मिरी कामाशेजारी ठेवला तर अगदी ढोबळ वाटतो. पण इथली नक्षीच मोठ्या फुलांची आणि मोकळ्या जमिनीची आहे. तिला बारीक गाठ हवीय कशाला? उलट जाड गाठीने लव, म्हणजे गाठींची वर उभी राहणारी टोकं, उंच आणि गुबगुबीत राहते.

भरायचा भाग नऊ इंच बाय सहा. गुणाकार शीर्षकात आहेच. माझा वेग तासाला साठ गाठी, तोही चहा न घेता.

उभे धागे पुन्हा ताणून घेतले. पंजा (ठोकायची दातेरी फणी) नाही, म्हणून स्वयंपाकघरातला काटा आडवे धागे ठोकायला वापरते. पहिल्या आठ ओळी झाल्यावर पाहिलं तर ठिगळ मध्ये चिमटलेलं, डमरूसारखं. आडवा धागा खेचून घेतला होता! तो थोडा कमानीत सोडायचा आणि मग ठोकायचा, हे पुण्यात शिकवणाऱ्या बाईंनी शंभरदा सांगितलं होतं. आठही ओळी उसवल्या. दोन संध्याकाळी गेल्या.

रंगाने जास्त छळलं. लवेची टोकं उन्हाने पिवळसर, मुळाशी गडद हिरवी, आणि पाठ उलटली की आणखी ताजी. जुळवायचं कशाशी? मी लवेच्या मधल्या उंचीवरचा रंग धरला. एका हिरव्याने काम भागेना, म्हणून दोन छटांचे बारीक पदर एकत्र पिळून घेतले. जुन्या जमिनीतही रंग असा थोडा मिसळलेला दिसतो. एका मैत्रिणीने विचारलं, घोंगडीची लोकर चालेल का? चालणार नाही. दख्खनी मेंढीची ती लोकर राठ आणि केसाळ, या लवेत वेगळी उठून दिसेल.

आजपर्यंत २५२ गाठी झाल्या, सात ओळी. ६१२ बाकी. लव मुद्दाम अर्धा इंच जास्त उंच ठेवलीय, कातरणी शेवटी एकदमच करणार. वाकड्या पात्याची कात्री कुणाकडे असेल तर कळवा, माझी सरळ आहे आणि तिच्याने लवेत पायऱ्या पडतात.