मॉनिटरवर ८८

चाकणला शेडचे पत्रे बसवताना पडलेला माणूस. मानेचा पाचवा मणका सहाव्यावर सरकलेला. आधीच्या हॉस्पिटलात वरचं बीपी ८० दिसलं म्हणून रक्तस्राव समजून सलाइनवर सलाइन चढवलेलं. नुसता हात लावला असता तरी कळलं असतं! पाय कोमट, नाडी ४८. रक्त गेलेल्या माणसाचे पाय गार पडतात, नाडी पळते. इथे रक्तवाहिन्या आवळायचा हुकूमच मज्जारज्जूतून खाली उतरत नव्हता. आमच्या आयसीयूत आला तेव्हा फुप्फुसात पाणी झालेलं.

ऑपरेशन त्याच रात्री झालं. प्लेट, स्क्रू, देखणा एक्स-रे, सर्जन खूश. पुढचा आठवडा मात्र आम्हा सिस्टरांचा. नॉरॲड्रेनलिन, म्हणजे रक्तवाहिन्या आवळणारं औषध, पंपाने चालवून मीन प्रेशर, म्हणजे सरासरी रक्तदाब, ८५ च्या वर ठेवायचं, कारण सुजलेल्या मज्जारज्जूत रक्त शिरतं ते त्या दाबावर.

एका सकाळी चार्ज घेतला. मॉनिटरवर ८८, पंप निम्म्यावर आणलेला. वाकून पाहिलं तर स्पंजिंगसाठी पलंग वर घेतलेला आणि ट्रान्सड्यूसर, म्हणजे दाब मोजणारा सेन्सर, स्टँडवर जुन्याच जागी. तो हृदयाच्या रेषेत, बगलेच्या मध्यावर हवा. १० सेंटीमीटर खाली राहिला की दाबाचा आकडा सातेकने फुगतो. इथे तर वीतभर खाली होता. लेव्हल करून झीरो केलं. ७६. पंप वाढवला, डॉक्टरांना सांगितलं. फाइलीत रात्रभर ८८, सुवाच्य अक्षरात.

दुपारी मुलगा म्हणाला, "सिस्टर, हार्टची बायपास होते, मग पप्पांच्या मणक्यातल्या नसांची का नाही?" मोबाइलवर स्टेमसेलची जाहिरात उघडलेली. अशा जाहिराती करणाऱ्यांना आयसीयूत एक रात्र बसवायला हवं. त्याला म्हटलं, तुटतात त्या केसाहून बारीक केशवाहिन्या, टाका घालणार कशाला? शरीर नव्या उगवतं, पण गळक्या, बऱ्याच सुकून जातात. कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१७ मध्ये उंदरांत दाखवलं, की इजेखालच्या केशवाहिन्या पुढेही आवळलेल्याच राहतात. त्या सैल केल्या की पायांची हालचाल सुधारते. पण ते उंदरांत. आमच्या हातात आज फक्त दाब.

डिस्चार्जला उजवं मनगट उचलत होता, बोटं नाही. त्यातलं किती मूळ इजेचं, किती सलाइनच्या घोळात गेलेल्या वेळेचं आणि किती त्या रात्रीचं?

स्टँडवर चिकटपट्टी लावलीय : 'पलंग हलला, लेव्हल करा'. इन्स्पेक्शनवाले आले की कुणीतरी ती काढतं. मी परत लावते.