बेळगावातलं खाणं आणि निवांत बसणं

कोल्हापुरातनं बेळगावला निघालं आणि कागल ओलांडलं की पाट्या कन्नड होत जातात, निपाणी गेलं, संकेश्वर गेलं, काकती आली की मी मित्राला फोन लावतो, तो मूळचा खानापूरचा, आणि त्याचा प्रश्न ठरलेला, "काय बे, जेवून येऊलास की उपाशी?" बेळगावला उपाशीच जायचं असतंय.

दुपारी नियाझची बिर्याणी झाली. ती आवडतेच, पण तिच्यावर सगळ्यांनी लिहिलंय. मला सांगायचंय ते रात्रीच्या बारबद्दल.

टिळकवाडीत, काँग्रेस रोडपासून जवळच (1924 चं गांधीजींच्या अध्यक्षतेखालचं अधिवेशन बेळगावात झालं, त्यावरनं रस्त्याचं नाव, तेव्हा खणलेली विहीर अजून आहे) एक जुना बार अँड रेस्टॉरंट आहे. लाकडी पार्टिशन, वर पंखे, टीव्ही आहे पण आवाज बंद. शनिवार होता, बाहेर जीए पासिंगच्या गाड्या लागलेल्या. गोव्याची माणसं खरेदीला चोर्ला घाटातनं वर येतात. बेळगावची भाजी, दूध खाली गोव्यात जातं आणि किनाऱ्यावरचे मासे घाट चढून इकडं येतात, म्हणून समुद्र लांब असूनही इथं बांगडा चांगला मिळतो. गोव्यात दारू स्वस्त, तरी ती माणसं इथं येऊन बसतात, यातच इथल्या किचनचं कौतुक आलं असं मला वाटतं.

आम्ही बांगडा रवा फ्राय सांगितला, आणि मित्रानं त्याच्याबरोबर ज्वारीची कडक भाकरी, शेंगाचटणी, कांदा, दही मागवलं. मासा आणि शेंगाचटणी एका ताटात! मी आधी नको म्हणत होतो पण रव्याचा कुरकुरीतपणा, चटणीतला लसूण, वर भाकरीचा कडक तुकडा, आम्ही दुसरी प्लेट मागवली आणि ग्लास तसेच राहिले. वेटर आमच्याशी मराठी, शेजारच्या टेबलाशी कोकणी आणि किचनकडं तोंड करून कन्नडमध्ये ऑर्डर ओरडत होता, मध्ये कुठं अडखळणं नाही.

कोपऱ्यात एक वयस्कर काका एकटे बसले होते, समोर नाईंटी आणि पेपर. अर्धा तास झाला, पाऊण झाला, कुणी "अजून काय पाहिजे?" म्हणून उठवायला गेलं नाही. पेपर घडी घातल्यावर न सांगता वेटरनं गरम भात आणि आमटी आणून ठेवली, "काका, भात गरम हाय, आधी जेवा." मी पुण्यात एवढी वर्षं राहतोय, एकट्या माणसाला टेबल अडवतोय असं वाटू न देणारे बार मला तिथं फार कमी भेटलेत. चांगला बार मी यावरनंच ओळखतो, मेनू आणि लाइटिंग नंतर.

सकाळी बेळगावातल्याच शहापुरात इडली, बाय टू कॉफी (एक कॉफी दोघांत), मग कुंदा. दूध आटवून आटवून, साखरेवर तपकिरी होईपर्यंत परतलेला रवाळ कुंदा ताजाच खावा, डब्यातला दोन दिवसांनी तसा लागत नाही.

जाणार असाल तर डिसेंबरात जरा बघून जा, सुवर्णसौधमध्ये (कर्नाटक विधिमंडळाची इथली इमारत) अधिवेशन असलं की लॉज मिळत नाहीत, आणि त्या बारमध्येही आठच्या आत पोचलात तरच आत जागा मिळेल.