जुना कर्नल कामी आला

भाचीच्या लॅपटॉपवर काल लिनक्सचं अपडेट झालं आणि आज सकाळी तो सुरूच होईना. काळ्या स्क्रीनवर 'कर्नल पॅनिक' (कर्नल म्हणजे लिनक्सचा गाभा), खाली 'अनेबल टू माउंट रूट एफएस', म्हणजे सिस्टिमच्या मुख्य फाइल्सचा भाग, रूट, उघडता येत नाही. कॉलेजचा प्रोजेक्ट त्यातच, पोरगी रडकुंडीला आलेली. दुकानवाल्याने फोनवरच सांगून टाकलं, हार्डडिस्क गेली!

मला ते पटेना. डिस्क गेली असती तर तिच्यावरचा कर्नल इथपर्यंत तरी कसा आला असता? ग्रब, म्हणजे सुरुवातीला कर्नल चालू करणारा प्रोग्रॅम, त्याच्या मेनूत 'अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स'मधून आधीचा कर्नल निवडला, आणि लॅपटॉप निमूट चालू झाला. भाचीने आधी प्रोजेक्ट पेनड्राइव्हवर घेतला.

मग कारण सापडलं. डिस्क एन्क्रिप्ट, म्हणजे पासवर्डने कुलूपबंद केलेली, त्यामुळे बूटचं पार्टिशन (कर्नल ठेवायचा डिस्कचा भाग) वेगळं आणि छोटं. जुन्या कर्नलांनी ते १०० टक्के भरलेलं. नव्या कर्नलची इनिटरॅमएफएस फाइल (सुरुवातीला रूट उघडून देणारी) बनायला जागाच नव्हती, आणि तिच्याशिवाय कुलूपबंद रूट उघडणार कोण? चालू कर्नल सोडून बाकीचे जुने काढले, ती फाइल आणि ग्रबचा मेनू नव्याने बनवायला 'अपडेट-इनिटरॅमएफएस' आणि 'अपडेट-ग्रब' या कमांड चालवल्या. नवा कर्नल व्यवस्थित सुरू झाला.

कुणावर अशी वेळ आली तर डिस्क बदलायची घाई करू नका. ग्रबचा मेनू दिसत नसेल तर सुरू होताना शिफ्ट दाबून धरा, नव्या मशीनवर एस्केप.