शाळेपर्यंतचा रस्ता

शाळा सुटण्याच्या वेळी फाटकाशी पाच मिनिटे उभे राहिले, तर मुलांच्या चालण्याचे काय झाले ते वेगळे विचारावे लागत नाही. गाड्यांची रांग लागलेली असते, आठ-दहा वर्षांचे मूल दप्तर आत भिरकावून सीटवर अंग टाकते आणि दार लागते न लागते तोच मागचा हॉर्न वाजवतो. यांतल्या कित्येकांचे घर चालत पंधरा मिनिटांवर असते. पायी का पाठवत नाही, असे विचारले तर पालक सांगतात, रस्त्यावर गाड्या फार झाल्या आहेत. उत्तर खोटे नाही. फक्त ते गाडीत बसून दिलेले असते.

अमेरिकेत १९६९ साली पाच ते चौदा वर्षांची जवळपास निम्मी मुले पायी किंवा सायकलने शाळेत जात. २००९ पर्यंत हे प्रमाण १३ टक्क्यांवर आले. इंग्लंडमध्ये सात-आठ वर्षांची ८० टक्के मुले १९७१ साली मोठ्यांच्या सोबतीशिवाय शाळेत जात, १९९० साली अवघी ९ टक्के. इतक्या थोड्या काळात मुले काही दुबळी झाली नव्हती, बदलले होते ते रस्ते आणि मोठ्यांची मने.

जागतिक आरोग्य संघटना पाच ते सतरा या वयासाठी रोज सरासरी ६० मिनिटांची, दम लागेल अशी हालचाल सुचवते. २०१६ च्या आकडेवारीनुसार जगातली अकरा ते सतरा वर्षांची ८१ टक्के मुले तेवढी हालचाल करत नव्हती, आणि मुलींमध्ये हे प्रमाण आणखी जास्त होते. रमतगमत शाळेत जाणे या हिशेबात धरावे का, अशी शंका एखादा काटेकोर माणूस काढेल. पण त्याने मुलांना चालताना नीट पाहिलेले नसावे. मूल सरळ चालतच नाही. ते पदपथाच्या कडेवरून तोल सांभाळत जाते, मैत्रिणीशी बोलायला उलटे चालते, एखादा दगड शाळेपर्यंत लाथाडत नेते आणि घंटा ऐकू आली की उरलेले अंतर पळत काढते. यासाठी शिकवणी लावावी लागत नाही, गणवेशही बदलावा लागत नाही. व्यायाम म्हणून मुद्दाम वेळ काढावा लागतो तो पहिल्या परीक्षेला बुडतो. शाळेला जाणे परीक्षेच्या दिवशीही चुकत नाही.

उपाय अगदीच नाहीत असे नाही. डेन्मार्कमधल्या ओडेन्स शहराने १९७० च्या दशकातच शाळेचे रस्ते मुलांसाठी सुरक्षित करायला घेतले. जपानमध्ये लहान मुले ठरलेल्या वाटेने गटाने शाळेत जातात. इंग्लंडमध्ये १९९८ साली ‘चालती बस’ सुरू झाली : पुढे एक मोठा माणूस, मागे एक, मध्ये मुलांची रांग, आणि वाटेतल्या थांब्यांवर नवी मुले येऊन मिळतात.

चौदा वर्षांच्या मुलाला मात्र अशा रांगेत उभे करून दाखवावे! या वयाला देखरेख नको असते, सोबत हवी असते, आणि तीही आपल्याच वयाची. सायकलसाठी वेगळी मार्गिका आणि शाळेत सायकल लावायला छपराखालची जागा एवढे असेल, तर एक जण निघाला की आणखी तिघे निघतात, आणि त्यातल्या कोणाला आईवडिलांनी फाटकापर्यंत सोडलेले चारचौघांत चालतही नाही.