रांगोळी किती वाजेपर्यंत टिकते?

समोरच्या काकू रोज पहाटे सडा घालून रांगोळी काढतात. फाटकाच्या आत भरपूर जागा आहे, पण दारची रांगोळी दाराबाहेरच असते, हा त्यांचा हट्ट. काही वर्षांपूर्वी ती दुपारपर्यंत टिकायची. मग शाळेच्या व्हॅन येईपर्यंत टिकू लागली. हल्ली सव्वाआठला पहिला टायर तिच्यावरून जातो, पावणेनऊला मोराचा पिसारा गेलेला असतो आणि साडेनऊला तिथं नुसता गुलाबी धुरळा उरतो. गाड्या मोजायला रस्त्यावर रबरी नळी आडवी टाकतात. आमच्या गल्लीत ते काम काकूंची रांगोळी करते.

गल्ली विश्रामबागेतली. एक तोंड सांगली-मिरज रस्त्याला, दुसरं शंभर फुटी रस्त्याच्या बाजूला. एवढाच तिचा गुन्हा. चौकात सिग्नल लाल दिसला की निम्मी माणसं आत वळतात. पूर्वी ही वाट गल्लीतल्यांना, पोस्टमनला आणि दूधवाल्याला माहीत होती. सांगलीत बोळ माहीत असणं हा एक मोठेपणाच होता. गावभागातला माणूस पाहुण्याला अशा काही बोळाबोळांतनं न्यायचा की पाहुणा एकदम गणपती मंदिरासमोर उगवायचा आणि चाट पडायचा. आता मोबाइलमधली बाई ते गुपित येणाऱ्याजाणाऱ्या सगळ्यांना सांगते. दोन मिनिटं वाचतात. ती वाचवून ही माणसं पुढं चहाच्या गाड्यावर अर्धा तास उभी असतात, ते सोडा.

एकदा हंगामात उसाची डबल ट्रॉली आत शिरली. डबल ट्रॉली मागं घेणं म्हणजे सापाला शेपटाकडून चालवणं. ट्रॅक्टरवाला घाम पुसत बसला आणि आमची पोरं शांतपणे ऊस उपसत राहिली. तासाभरानं ट्रॉली हलली तेव्हा ती बरीच हलकी झाली होती. बाहेरून आलेल्या वाहनाबद्दल गल्लीत आनंद झाला तो तेवढ्या एकाच वेळी.

मग गच्चीवर बैठक झाली. भडंग, चहा, आणि ठराव: स्पीडब्रेकर. घरटी वर्गणी काढून मिस्त्री आणला आणि एका रात्रीत तो उठवला. इंडियन रोड्स काँग्रेसच्या नियमात गतिरोधक दहा सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असतो. ताशी २५ किलोमीटरनं आलेली गाडी त्यावरून अलगद उतरावी, असा त्याचा हिशेब. आमचा वीतभर उंच आणि जेमतेम फूटभर रुंद, दावणीच्या कठड्यासारखा. गाडी एकही कमी झाली नाही. उलट प्रत्येक जण ब्रेक मारायचा, आदळायचा आणि रागानं ॲक्सिलरेटर पिळायचा. पहाटे चारला रिकामे कॅन घेऊन जाणारा टेम्पो तर असा वाजायचा की कुणाच्या तरी घरी भांड्यांचं कपाट कोसळलंय असं वाटावं. ज्यांनी बैठकीत सर्वांत मोठ्यानं मागणी केली, स्पीडब्रेकर नेमका त्यांच्याच खिडकीखाली आला होता. महिन्याभरात एका रात्री तो नाहीसा झाला. पहार कुणाच्या घरची होती ते सगळ्यांना माहीत आहे, विचारलं कुणीच नाही.

माझा पुतण्या नेदरलँड्समध्ये ग्रोनिंगनला शिकतो. त्याला हे फोनवर सांगितलं तर तो म्हणाला, "काका, गाडी हळू करायची नसते, तिला त्या वाटेनं जाण्यात अर्थच उरू द्यायचा नसतो." ग्रोनिंगननं १९७७ साली शहराच्या मध्यभागाचे चार तुकडे केले. एका तुकड्यातून शेजारच्या तुकड्यात मोटारीनं थेट जाता येत नाही. बाहेरच्या रस्त्यावर जायचं, वळसा घालायचा आणि मग आत यायचं. सायकल आणि पायी माणूस मात्र खुशाल सरळ जातात. थोडक्यात, गल्ली घरी पोचवते, पलीकडे काढत नाही.

ऐकायला झकास. पण तिथं खांब रोवून सायकलपुरती फट सोडली तर मोटार अडते. आमच्याकडे गल्लीतनं जाणाऱ्या दहांत आठ दुचाक्या, आणि जिथनं म्हैस जाते तिथनं गाडी जातेच. शिवाय गल्लीतले आजोबा म्हणाले, "२०१९ च्या महापुरात आयर्विन पुलाजवळ कृष्णेनं ५७ फूट ओलांडले तेव्हा निम्मा गाव विश्रामबागेकडं आला. तेव्हा खांब असते म्हणजे?" यावर कुणाकडेच उत्तर नव्हतं. खांब बारगळले.

आणि मग ड्रेनेजसाठी गल्लीच्या मधोमध आडवा चर खणला गेला. रुंद, खोल, वर चालायला एक फळी. पहिल्या दिवशी एका पठ्ठ्यानं फळीवरून गाडी घातली आणि तो चिखलातून वर आला. नंतर कुणी धाडस केलं नाही. आम्ही संतापून सदतीस सह्यांचा अर्ज दिला.

चौथ्या-पाचव्या दिवशी लक्षात आलं की संध्याकाळी पोरांचा आवाज येतोय. रस्त्यावर स्टंप होते. बायका फाटकाला टेकून बोलत होत्या आणि मला प्रथमच कळलं की कोपऱ्यावरच्या घरात राहणारे गृहस्थ पेटी वाजवतात. सॅन फ्रान्सिस्कोत डोनाल्ड ॲपलयार्ड नावाच्या अभ्यासकानं हे मोजलं होतं. दिवसाला दोनेक हजार गाड्यांच्या रस्त्यावर माणसाला त्याच रस्त्यावरचे सरासरी तीन मित्र, सोळा हजारांच्या रस्त्यावर पॉइंट नऊ. पॉइंट नऊ मित्र म्हणजे बहुधा उसने पैसे नेलेला.

रांगोळी दिवेलागणीपर्यंत टिकू लागली. काकूंनी मोराला जोडीला लांडोर काढली.

आमच्या गाड्या कुठं गेल्या हे मला माहीत होतं, कारण मीही त्यांतच होतो. मागच्या गल्लीतनं. तिथं एका दारात कुणीतरी रांगोळीभोवती चार विटा ठेवल्या आहेत. मी रोज त्या विटांना चुकवून ऑफिस गाठतो.

परवा एक माणूस फाईल घेऊन आला. "चराची तक्रार तुमचीच ना? उद्या माणसं पाठवतो, दोन दिवसांत बुजवून टाकू."

आम्ही चौघं-पाचजण उभे होतो. कुणी फळीकडं बघितलं, कुणी चपलेकडं. काकू रांगोळीचे हात पदराला पुसत पुढं आल्या.

"आमची काही घाई नाही हो," त्या म्हणाल्या. "आधी मागच्या गल्लीचं बघा. तिथं बिचाऱ्यांना फार त्रास आहे."