अंगठी आणि दहावी बादली

सकाळी पाइप फुटला आणि रात्री साडेआठपर्यंत घरात पाण्याचा थेंब नाही. सिंकमध्ये खरकट्या भांड्यांचा ढीग आणि शेजारी मी काढून ठेवलेली हिऱ्याची अंगठी. (खडा इवलासा आहे, उगाच गैरसमज नको.)

तिच्याकडे बघताना कॉलेजातलं अर्थशास्त्र आठवलं. ॲडम स्मिथने १७७६ साली हेच कोडं मांडलं होतं: पाण्यावाचून जगणं अशक्य, तरी ते जवळपास फुकट, हिऱ्यावाचून काही अडत नाही, तरी तो महाग. उकल व्हायला जवळजवळ शंभर वर्षं गेली. १८७१ मध्ये जेव्हन्स आणि मेंगर या दोन अर्थशास्त्रज्ञांनी स्वतंत्रपणे दाखवलं की किंमत सगळ्या पाण्याची ठरत नाही, शेवटच्या बादलीची ठरते. पहिली बादली पिण्याची, दहावी फरशी पुसायची. एरवी आपण त्या दहाव्या बादलीपर्यंत पोचलेले असतो, म्हणून पाणी स्वस्त. आज मात्र एका ग्लासासाठी मी अंगठी देऊन टाकली असती. बरं, दिली नसती, पण मनात आलं खरं.

दुरुस्तीला आलेला माणूस दोन तास चिखलात बसून होता. त्याने मजुरी सांगितली आणि मी गप्पच झाले. इथेही तेच गणित म्हणे: असं काम करणारे हात पुष्कळ, म्हणून मोल कमी. असेल. मला काही पचलं नाही.

साडेआठला नळ खाकरला. आधी गढूळ, मग नितळ धार.

आणि मी सगळ्यात आधी काय केलं? फरशी पुसली.